बुजवलेल्या बादगिरातला पारवा

मी एक म्हातारा पारवा आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मला शांतीचे प्रतीक म्हणू नका. ज्या कोणी चित्रात आमच्या चोचीत ती हिरवी डहाळी अडकवली, त्याने आम्हाला विचारले नव्हते. आम्ही डहाळी उचलतो ती घरट्यासाठी. आणि माझे म्हणाल, तर माझ्या पोटात कित्येक वर्षांचा एक राग आहे. त्या रागाचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म वाळवंटातल्या यझ्द शहरातला. इथले लोक आम्हाला विहिरीतले कबूतर म्हणतात, कारण माझे पूर्वज खरेच विहिरीत राहत. डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरापर्यंत आणणारे पाट आहेत आणि त्या पाटांवर वाळवंटात ओळीने विहिरी खणलेल्या आहेत. त्यांच्या भिंतींतल्या कपारींत आमची घरटी असत. वर ऊन भाजून काढायचे आणि आत गारवा असायचा. पुढे लोकांनी त्या विहिरींवर सिमेंटची झाकणे बसवली आणि आमचे कूळ शहरात आले.

आमच्यात घर शोधणे हे नराचे काम असते. नर जागा निवडतो, तिथे बसून मान खाली घालतो आणि घुमत राहतो. मादी येते, आत शिरून पाहते. पसंत पडले तर राहते, नाही तर एक शब्द न बोलता उडून जाते. माझ्या एका काकांना पत्र्याचा फार सोस होता. गोदामाच्या पत्र्याखाली बसून ते अख्खा वसंत घुमले आणि एकही मादी तिथे टिकली नाही. त्या पत्र्यावर अंडे उबवावे लागत नसे, ते आपोआप शिजत असे. काका शेवटपर्यंत म्हणत राहिले की आजकालच्या पोरींना संसार नको असतो.

माझ्या बापाने मला नीट शिकवले होते. तो म्हणायचा, जागा सकाळी पाहू नकोस, सकाळी सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. भर दुपारी जा, भिंतीला पोट लाव आणि उभा राहा. तुझ्या पोटाला सोसले तर पिल्लांना सोसेल. पाणी जवळ हवे, कारण पिल्लांना पाजायचे दूध आपल्या गळ्यात तयार होते आणि तहानलेल्या गळ्यात दूध येत नाही. तोंड असे अरुंद हवे की ससाण्याचे पंख अडकतील. आणि आधी आपल्यातले कोणी तिथे राहून गेले असेल, जुन्या विष्ठेचा थर असेल, तर नाक मुरडू नकोस. त्या थराचा अर्थ एवढाच, की इथे पिल्ले जगली होती.

या सगळ्या परीक्षेला उतरलेली जागा मला कुदरत नावाच्या कापड व्यापाऱ्याच्या घरावर सापडली. त्याच्या गच्चीवर जुना बादगीर होता. बादगीर म्हणजे वारा पकडणारा मनोरा. त्याला चारी बाजूंनी उभ्या फटी असतात, फटींच्या मागे अरुंद खोल्या असतात, आणि वरून शिरलेला वारा मनोऱ्याच्या घशातून खाली उतरून घर गार करतो. ईशान्येकडची खोली मी निवडली. दुपारचे ऊन तिथे पोचत नसे. माझी जोडीदारीण आली, भिंतीला अंग घासून पाहिले आणि पहिली काडी तिनेच मागितली.

तिथे आम्ही कितीतरी विणी काढल्या. कुदरतची बायको तूबा शुक्रवारी गच्चीवर फुटके गहू टाकायची. बादगिरात पडलेली आमची विष्ठा झाडून पोत्यात भरायची आणि ते पोते तफ्त गावी भावाच्या डाळिंबाच्या बागेत पाठवायची. हिवाळ्याच्या तोंडावर तिकडून डाळिंबांची पेटी यायची. शेजारणी आमच्या घाणीबद्दल बोलू लागल्या की ती म्हणायची, बादगिरात पारवे आहेत म्हणजे घरात गारवा आहे, बिनगारव्याच्या घरात पाखरूही राहत नाही. हे ऐकून मी छाती फुगवायचो. ते आमचे मानाचे दिवस होते.

मग गच्चीवर पाण्याचा कूलर आला. पेटीएवढा कूलर आला आणि घराण्याचा बादगीर कुदरतला एकदम कचरा वाटू लागला. त्यातून धूळ येते, पिसे येतात, नव्या गालिच्यावर घाण पडते, असे त्याचे सुरू झाले. कुदरत वाईट माणूस नव्हता असे गल्ली आजही म्हणते. म्हणू दे. गल्लीची पिल्ले भिंतीत गेली नव्हती.

या कुदरतला एक खोड होती. घरातले प्रत्येक काम तो स्वतःच्या हाताने करायचा आणि मग आठवडाभर ते काम दाखवत फिरायचा. नवरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या आधी इथे घरोघरी झाडझूड चालते, गालिचे धुतले जातात. त्या वर्षी त्याने झाडझुडीत बादगीरही धरला. विटा आणल्या, लवकर सुकणारा पांढरा गिलावा कालवला आणि एकेक फट बुजवत सुटला.

आमची दोन पिल्ले तेव्हा अंगावर पिसांचे कोंब फुटण्याच्या वयाची होती. त्या वयात आई-बाप दोघेही चारा-पाण्याला बाहेर पडू शकतात. आम्ही परत आलो तेव्हा ईशान्येकडे भिंत होती. गुळगुळीत, ओली, पांढरी भिंत. आतून आवाज येत होता. आम्ही विटांवर पंख आपटले. कुदरतने हातातले फडके आमच्यावर झटकले.

आवाज ऐकून तूबा वर आली. तिने भिंतीला कान लावला आणि नवऱ्याला हाक मारली.

"आगा, आत पिल्लं आहेत."

"माहीत आहे," कुदरत म्हणाला. "एक-दोन दिवसांत थांबेल आवाज आपोआप."

"एकच वीट काढा. मी हात घालून घेते बाहेर. खुराड्यात ठेवीन, तुम्हाला दिसणारसुद्धा नाहीत."

"गिलावा ओला आहे, तूबा. एक वीट काढली तर सगळा थर खाली येईल. परत कोण लावणार? तुझा भाऊ येणार आहे का तफ्तहून? परवा पाहुणे आहेत."

तो खाली गेला आणि हात धुतले. संध्याकाळी तो अंघोळीला गेल्यावर तूबा स्वयंपाकघरातली सुरी घेऊन वर आली आणि गिलावा खरवडू लागली. उन्हाने तो तोवर दगडासारखा झाला होता. सुरीचे पाते मोडले. ती तिथेच बसून रडली आणि मग खाली गेली, कारण पाहुण्यांचा स्वयंपाक व्हायचा होता.

आम्ही भिंतीच्या बाहेरच्या लाकडी दांडीवर बसून राहिलो. जोडीदारणीचा गळा दुधाने भरला होता आणि ते पाजायला कोणी नव्हते. आतला आवाज हळूहळू बारीक झाला आणि थांबला. कुदरतचा अंदाज अगदी बरोबर होता.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी एकच काम मन लावून केले. कुदरतने पांढरी मोटार धुतली की मी तिच्यावर शिटायचो. दोरीवर दहा कपडे असले तरी मला त्याचा शुक्रवारचा सदरा बरोबर सापडायचा. त्याने गच्चीवर प्लास्टिकचे घुबड आणून बसवले. माझी जोडीदारीण त्या घुबडाच्या डोक्यावर बसून पिसे साफ करू लागली. तो खालून शिव्या द्यायचा आणि मी कान देऊन ऐकायचो. पण एवढ्याने पोटातली आग शमत नव्हती. सदरा धुतला की स्वच्छ होत होता.

दरम्यान आम्हाला घर हवे होते. सगळे शहर मी पालथे घातले. नव्या इमारतींना काचा होत्या आणि काचेला कपार नसते. खिडकीतल्या यंत्रांमागे जागा होती, पण ती यंत्रे दुपारी नेमका गरम वाराच बाहेर फेकत. मशिदीच्या मिनारात भोंगा बसला होता. जुन्या पाणटाकीच्या घुमटात बोक्याने बस्तान मांडले होते. एका कबूतरबाजाच्या गच्चीवर पाणी, दाणा, सावली सगळे होते आणि वर जाळेही होते. शेवटी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला एक पोकळी सापडली. दुपारी मी तिला पोट लावले आणि पोटाची कातडी भाजली. पहिल्या उन्हाळ्यात तिथली आमची दोन अंडी शिजून गेली. काका हसले असते. माझ्या रागात त्या दोन अंड्यांची भर पडली.

शरद ऋतू आला आणि कुदरतने स्वतःच माझे काम सोपे केले.

त्याने खोलीसाठी गॅसचा हीटर आणला. हीटरचा धूर बाहेर काढायला पाईप लागतो. कुदरतने विचार केला की गच्चीवर एवढा मनोरा आयता उभा आहे, मग वेगळी चिमणी कशाला? त्याने बादगिराच्या घशातून पाईप वर चढवला आणि आमच्या जुन्या खोलीच्या शेजारच्या खोलीत आणून सोडला. त्या खोलीपुरत्या वरच्या थोड्या विटा काढून फट मोकळी केली. पाईपाच्या तोंडावर टोपीसुद्धा घातली नाही, कारण मनोऱ्याच्या आत पाऊस-वारा कुठून येणार! शेजारच्या बमानअलीने गच्चीवरून विचारले, "अरे, बादगीर वारा खाली आणतो, तू त्यातून धूर वर कसा नेणार?" कुदरतने त्याला चहा पाजला आणि स्वतःच्या हाताने बसवलेले पाईपाचे सांधे दाखवले.

आता मला काय ठाऊक होते ते सांगतो. आदल्या हिवाळ्यात मागच्या गल्लीत एका धुराड्यात पारव्यांचे घरटे घसरून पाईप बुजला होता. खाली झोपलेले नवरा-बायको उठलेच नाहीत. चादरी टाकून त्यांना बाहेर नेताना आम्ही सगळे तारेवर बसून पाहत होतो. त्या धुराला वास नसतो, असे माणसे आपसात बोलत होती. ज्या जोडीचे ते घरटे होते त्यांना काहीच कळले नाही. मला कळले.

म्हणून मी जागा निवडली. बापाच्या एकाही कसोटीला ती उतरत नव्हती. लोखंडाचा वास, काजळी, पिल्लांना टेकायला धड कोपरा नाही. मी पाईपाच्या तोंडावर बसलो, मान खाली घातली आणि घुमू लागलो. जोडीदारीण आली. तिने पाईपात डोके घालून पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मला वाटले, ती उडून जाणार. पण एका विटेच्या भिंतीपलीकडे आमची जुनी खोली होती. तिने त्या भिंतीला अंग लावले आणि तशीच बसून राहिली. मग मी काड्या आणायला निघालो.

इतके घट्ट घरटे आम्ही कधी बांधले नव्हते. पारव्याचे घरटे म्हणजे चार काड्यांचा पसारा, अशी आमची चेष्टा होते. या घरट्यात मी काटक्या, तारा, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि कुदरतच्याच दुकानाबाहेर पडलेल्या गाठोड्यांच्या सुतळ्या कोंबल्या. पाईपाचे तोंड पार बुजले. त्यावर तिने दोन अंडी घातली.

तूबा त्या दिवसांत तफ्तला भावाकडे गेली होती. तिकडे डाळिंबांचा रस आटवण्याचा मोसम होता. ती घरात नाही हे मी रोज अंगणात डोकावून पाहून घेत होतो. ती असती तर मी काय केले असते, हे मला विचारू नका.

एके दिवशी डोंगराकडून बोचरा वारा सुटला. कुदरतने दुपारी आबगुश्ताच्या, म्हणजे मटणाच्या रश्श्यात रोटी कुस्करून पोटभर जेवण केले, हीटर पेटवला आणि गोधडी ओढून आडवा झाला. आमच्यात दिवसा अंड्यांवर नर बसतो. म्हणजे मीच बसलो होतो. पोटाखाली ऊब येऊ लागली. पाईपातून खालचे सगळे ऐकू यायचे. आधी रेडिओ, मग त्याचे घोरणे. मग ते घोरणे मंद झाले.

मी घरट्याच्या काड्यांत चोच खुपसून पाईपाच्या दिशेने घुमलो. त्याला समजावे म्हणून घुमलो. कोण बसले आहे वर, ते ओळख म्हणालो.

ऊब वाढत गेली आणि मलाही गरगरू लागले. पाय माझे राहिले नाहीत. जोडीदारीण फटीत येऊन बसली होती.

"झालं ना तुझं?" ती म्हणाली. "आता ऊठ."

"थांब," मी म्हणालो. "अजून आवाज येतोय."

"अंडी जातील. तू जाशील."

मी उठलो नाही. खालचा आवाज आपोआप थांबण्याची मी वाट पाहत होतो. त्याने पाहिली होती तशीच.

तेवढ्यात गल्लीत तूबाच्या भावाची गाडी वाजली आणि तिला दाराशी उतरवून पुढे गेली. तूबाला रस आटवायला मोठे पातेले कमी पडले होते, तेवढे न्यायला ती आली होती. दार उघडून तिने हाक मारली. उत्तर आले नाही. कुदरतचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळे अर्धे उघडे होते. तिने गोधडीसकट त्याला ओढत अंगणात आणले आणि बमानअलीच्या नावाने ओरडू लागली. तो धावत आला, परिस्थिती पाहिली आणि थेट जिना चढून बादगिराच्या फटीत हात घातला. घरटे, अंडी आणि मी, सगळे एका ओढीत बाहेर आले. अंडी गच्चीवर फुटली. मला उडता येत नव्हते. त्याने मला पायाला धरून खाली आणले आणि अंगणातल्या हौदाच्या कडेला टाकले.

त्या कडेला कुदरतही पडला होता. माझे डोके त्याच्या कोपराजवळ आले. तोही मासळीसारखे तोंड उघडत होता आणि मीही. तूबाने ओंजळीने त्याच्या तोंडावर पाणी मारले आणि उरलेले माझ्यावर.

बऱ्याच वेळाने कुदरतला कंठ फुटला. त्याने मला पाहिले.

"मुरगळ त्याची मान," तो बमानअलीला म्हणाला. "त्यानं मला मारलं असतं."

बमानअलीने हात पुढे केला. तूबाने तो बाजूला सारला.

"पाखराला कशाला बोल लावता?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हीटर तुम्ही लावलात. पाईप तुम्ही घातलात. त्यांचं घर तुम्ही बुजवलंत. त्या मुक्या जिवाला काय कळतंय? जागा मिळाली तिथं बसला बिचारा."

मित्रांनो, हे ऐकून माझ्या जिवाची काहिली झाली. बिचारा! मी अख्खे शहर धुंडाळून, बापाची शिकवण मोडून, माझी अंडी पणाला लावून सूड उगवला होता, आणि त्याचे श्रेय माझ्या पदरी पडलेच नाही. मी हौदाच्या कडेला पडून घशातल्या घशात ओरडत होतो की मीच, मी जाणूनबुजून. तूबाने मला ओढणीत गुंडाळले आणि म्हणाली, कसा थरथरतोय बघा.

कुदरतला दवाखान्यात नेले, तो बरा झाला. परत आल्यावर हातोडा घेऊन तो वर चढला आणि बादगीर फोडू लागला. डॉक्टरांनी दम भरला होता म्हणून की बायकोने, ते मला माहीत नाही. ईशान्येकडची भिंत फुटली तेव्हा मी समोरच्या तारेवर होतो. आत दोन सुकलेली पिल्ले होती. पिसे जेवढी फुटली होती तेवढीच. ती बाहेरच्या अंगाला, बुजवलेल्या विटांना आतून अगदी चिकटून पडली होती.

कुदरत हातोडा ठेवून खाली बसला.

"मला वाटलं होतं, उडून गेली असतील," तो म्हणाला.

तूबा त्याच्या मागे उभी होती. "कुठून?" तिने विचारले.

त्याने ती दोन्ही पिल्ले फडक्यात घेतली आणि अंगणातल्या डाळिंबाखाली पुरली. तेही स्वतःच्या हाताने. मी पाहत होतो. मला तो मेलेला हवा होता आणि मिळाला तो रडणारा. यात फरक आहे, कोणी काहीही म्हणो.

त्यानंतर बादगीर उघडाच राहिला आहे. आमच्या पुढच्या विणी तिथेच झाल्या, कारण जागा उत्तम होती आणि मी रागावलो असलो तरी मूर्ख नाही. कुदरत आता म्हातारा झाला आहे. रोज सकाळी तो गच्चीवर येतो, "या, या" करतो आणि गहू टाकतो. तूबाच्या फुटक्या गव्हांपेक्षा हे गहू टपोरे असतात. माझी मुले, नातवंडे त्याच्या तळहातावर बसून खातात. मी त्यांना सगळे सांगितले आहे, पुन्हा पुन्हा सांगितले आहे. ती ऐकतात. त्यांचे तोंड भरलेले असते. एक नातू मला म्हणाला, "आजोबा, तो आमच्याशी तर चांगलाच वागतो." त्याच्याशी मी बोलत नाही.

मी त्या माणसाचा एक दाणाही आजवर चोचीत धरलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घराला भोक असेल तर जरूर बुजवा. घर तुमचे आहे. तुमच्या गालिच्यावर आम्ही घाण करतो हेही खरे आहे. पण आधी भिंतीला कान लावा. आत कोणी असेल तर त्याचे पंख फुटेपर्यंत थांबा. आणि गिलावा लावून झाल्यावर आवाज आला, तर तो गिलावा पडू द्या. परत लावायला एक सकाळ लागते. नाही तर बाहेर कोणीतरी दांडीवर बसलेले असते, आणि ते विसरत नाही.

गेल्या हिवाळ्यात थंडी फार पडली होती. एका सकाळी माझी जोडीदारीण तारेवर माझ्या शेजारी नव्हती. पाहतो तर ती त्याच्या गच्चीवर उतरली होती. त्याच्या पायाशी दाणे टिपत होती. मी हाक मारली. तिने ऐकली, पण मान वर केली नाही. आता ती रोज जाते.

कुदरत सगळ्यांना दाणे टाकून झाल्यावर एक मूठ वेगळी काढतो आणि माझ्या तारेखाली, कठड्यावर ठेवून बाजूला होतो. ती कोणासाठी आहे हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही. मी उतरत नाही. थोड्या वेळाने चिमण्या ती संपवतात. मग मी चाऱ्यासाठी गावाबाहेरच्या शेतांकडे निघतो. हल्ली ती शेते फार लांब वाटतात.